ताजा कलमातली कॅप्सूल

पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून आलंय, लिहिणारी घरातली धाकटी सून. पत्र चार पानी आहे, त्यातलं कामाचं तेवढं आधी देते.

"सिस्टरताई, माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या. २०१८ ला डाव्या छातीत गाठ निघाली, नागपूरला ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन) सगळं झालं. पाच वर्षं गोळी घ्या म्हणाले होते, ती लॉकडाऊनमध्ये सुटली आणि २०२१ पासून तर काहीच नाही. मागच्या दिवाळीपासून कंबर दुखायला लागली, आम्हाला वाटलं कापूस वेचून दुखते. शेवटी स्कॅन केला तर मणक्यात, खुब्यात आणि फुफ्फुसात एक ठिपका. हाडाचा तुकडा तपासला, ईआर पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा, हर-टू नावाचं प्रथिन जास्त नसलेला कॅन्सर). डॉक्टरांनी लेट्रोझोल लिहून दिली, पाल्बोसिक्लिब १२५ ची २१ दिवस घ्यायची आणि ७ दिवस सुट्टी, शिवाय महिन्याला हाडाचं इंजेक्शन. भासरे (मोठे दीर) म्हणतात, 'चौथ्या स्टेजले नुसत्या गोळ्या देते म्हणजे डाक्टरनं हात टेकले.' नणंद पुण्याहून फोन करते की ही गोळी जुनी झाली, दुसरी मागा. मेडिकलवाला म्हणतो लेट्रोझोल पुरे, दुसरी लाखाची गोळी तुमच्याच्यानं होणार नाही. पहिल्या महिन्यात सुट्टीच्या ७ दिवसांत मी दोन्ही गोळ्या बंद ठेवल्या होत्या. आता दुसऱ्या महिन्याच्या १५ व्या दिवशी रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी २१००, इथले डॉक्टर म्हणतात सगळं बंद करा. काय करू? सासूबाईंना कॅन्सर परत आला हे सांगितलं नाही, कमरेच्या गोळ्या म्हणून देतो. ता.क. – त्यांच्या कमरेला न् जांघेत गजकर्ण झालं होतं, मेडिकलमधून कॅप्सूल आणल्या, दहा दिवसात बराच फरक आहे. आणि एक दाढ हलते, गावातल्या दातवाल्याकडून काढून घेऊ का?"

पोरी,

तुझं पत्र मी चहा घेता घेता वाचत होते, ता.क. पर्यंत आले आणि कप खाली ठेवला. त्याच संध्याकाळी तुला फोन केला तो यासाठीच, सदरात उत्तर यायची वाट पाहण्यासारखी ती गोष्ट नव्हती. चार पानं भासऱ्यांची, नणंदेची, मेडिकलवाल्याची आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटी, तीही जाता जाता लिहिल्यासारखी. तुझी चूक नाही म्हणा, गजकर्णाचा आणि कॅन्सरच्या गोळीचा काय संबंध, कुणालाही असंच वाटेल.

फोनवर तू कॅप्सूलच्या पाकिटावरचं नाव अक्षर अक्षर जोडून वाचलंस, इट्राकोनाझोल. आता बाकीच्या वाचकांसाठी सांगते, कारण आपल्याकडे पावसाळ्यात घरोघरी गजकर्ण असतं आणि ही कॅप्सूल मेडिकलमधून मुरमुऱ्यासारखी जाते. पाल्बोसिक्लिब पोटात गेली की लिव्हरमधलं एक एन्झाइम तिची विल्हेवाट लावतं, सीवायपी३ए त्याचं नाव. इट्राकोनाझोल त्या एन्झाइमलाच गप्प बसवते. मग रोज एक गोळी आत जाते पण कालची अजून निघालेली नसते, साचत जाते. तपासणीत असं दिसलंय की इट्राकोनाझोलसोबत पाल्बोसिक्लिब घेतली तर रक्तात ती जवळपास ८७ टक्क्यांनी जास्त भरते, म्हणजे सासूबाईंच्या अंगात १२५ ची गोळी दुपटीच्या आसपास काम करत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. पांढऱ्या पेशी खाली गेल्या त्यात या कॅप्सूलचा हात किती हे मी छातीठोक सांगू शकत नाही, कारण नुसत्या पाल्बोसिक्लिबनंही त्या उतरतातच, पण तू नागपूरला फोन केल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला ना, की अजून काय काय चालू आहे.

याच्या उलटंही होतं. टीबीच्या औषधात रिफाम्पिसिन असतं, ते त्या एन्झाइमला इतकं पळवतं की पाल्बोसिक्लिब रक्तात जेमतेम १५ टक्के उरते. म्हणजे पैसे पूर्ण आणि औषध नावाला. क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक परत इट्राकोनाझोलच्या बाजूचं. आणि पत्रात तू लिहिलेली, मामंजींनी आणलेली बिनलेबलची पुडी, कावीळवाल्या वैद्याची, तिच्यात काय आहे हे वैद्य सोडून कुणालाच माहीत नाही, म्हणून ती नाही म्हणजे नाही. फळांत ग्रेपफ्रूट नको आणि त्याच्याच कुळातलं पपनसही नको. नागपुरी संत्र्यानं काही होत नाही, तो प्रश्न मला दर हिवाळ्यात येतो म्हणून आधीच सांगून ठेवते, खुशाल खाऊ द्या.

तर नियम एकच, चिठ्ठीवर नसलेली एकही गोळी, मग ती सर्दीची असो की खाजेची, नागपूरला विचारल्याशिवाय द्यायची नाही.

आता ते २१००. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी एकूण २१०० आहेत, पण डॉक्टर तो आकडा बघत नाहीत. त्याच्या खाली डिफरन्शियल म्हणून असतं, त्यात न्यूट्रोफिल्स ४२ टक्के लिहिलंय. २१०० चे ४२ टक्के म्हणजे ८८२. ही पेशी जंतूंशी लढणारी, हिचाच हिशेब ठेवायचा. वहीत दर वेळी हा गुणाकार करून लिहीत जा, तू बारावी झालीस म्हणालीस, तुला काही अवघड नाही. पेशी किती उतरल्या याच्या ग्रेड असतात, १००० च्या खाली गेलं की तिसरी ग्रेड, ५०० च्या खाली चौथी. पाल्बोसिक्लिबमध्ये तिसऱ्या ग्रेडला जाणं हे लय कॉमन आहे. २०१६ ला जो मोठा अभ्यास छापून आला, पालोमा-२ नावाचा, ६६६ बायकांवरचा, त्यात ही गोळी घेणाऱ्यांपैकी शंभरातल्या ६६ जणींचे न्यूट्रोफिल्स तिसऱ्या किंवा चौथ्या ग्रेडपर्यंत उतरले होते. पण त्यासोबत ताप येऊन धोका झाला अशा शंभरात दोनही नव्हत्या. कारण केमोचं औषध बोनमॅरोतल्या, म्हणजे हाडातल्या रक्त बनवणाऱ्या मगजातल्या, पेशी मारून टाकतं आणि ही गोळी त्यांना नुसतं थांबवून ठेवते, गोळी थांबली की त्या परत कामाला लागतात. ७ दिवसांची सुट्टी आहे ती याचसाठी, ती सासूबाईंची सुट्टी नाही, त्यांच्या बोनमॅरोची सुट्टी आहे.

एरवी १५ व्या दिवशी असा रिपोर्ट आला, ताप नाही, ५०० च्या वर आहे, तर डॉक्टर बहुतेक वेळा म्हणतात की २१ दिवस पुरे करा आणि २२ व्या दिवशी परत रक्त दाखवा. तुमच्या बाबतीत गजकर्णाची कॅप्सूल मधे आली म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी पाल्बोसिक्लिब थांबवायला सांगितली, खाजेला फक्त मलम, आठवड्यानं परत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी. इट्राकोनाझोल बंद केली तरी अंगातून लगेच जात नाही, म्हणून ही सावधगिरी. आणि लेट्रोझोल चालूच. तुमच्या गावचे डॉक्टर वाईट नाहीत गं, त्यांनी केमोचे पेशंट पाहिले असतील आणि त्या हिशेबानं ते घाबरले, पण "सगळं बंद" हा निर्णय ज्यानं औषध सुरू केलं त्याचाच.

ताप मात्र वेगळा. थर्मामीटरवर १०० पॉइंट ४ दिसला की पॅरासिटामोल देऊन सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला घेऊन जा आणि दारातच सांगा की कॅन्सरची पाल्बोसिक्लिब चालू आहे, न्यूट्रोफिल कमी आहेत. थर्मामीटर घरात नाही असं तू म्हणालीस, तो आजच आणा. हात लावून ताप बघणं आता बंद.

आता भासऱ्यांचं. "गोळ्या देते म्हणजे हात टेकले" हे मी तीस वर्षं ऐकत आलेय, वॉर्डात सलाईन लागलं की नातेवाइकांना बरं वाटायचं, बाटली दिसते ना. पण या जातीच्या कॅन्सरला, म्हणजे हार्मोन पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह, पसरलेला असला तरी पहिली निवड आज जगभर हीच जोडी आहे, हार्मोन अडवणारी गोळी (लेट्रोझोल) अधिक सीडीके ४/६ अडवणारी गोळी (पाल्बोसिक्लिब). केमो आधी कधी देतात, तर लिव्हर किंवा फुफ्फुस बंद पडायला आलंय, दिवस मोजके आहेत, झटपट आजार दाबायचाय, तेव्हा. सासूबाई स्वतः चालत टॉयलेटला जातात, भाकर खातात, त्यांना ती घाई नाही. केमो पुढे लागणार नाही असं नाही, पण ते राखून ठेवलेलं बरं.

आणि दोन गोळ्या का, एक का नाही, हे भासऱ्यांना सांगायचं असेल तर एसटीचं सांग. गाडीत डिझेल आहे, ड्रायव्हर बसलाय, माणसं चढलीत, तरी कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही. पेशीचं तसंच आहे, एकीच्या दोन व्हायच्या आधी आत बेल वाजावी लागते. ती वाजवणारी दोन प्रथिनं म्हणजे सीडीके ४ आणि सीडीके ६, आणि त्यांना सोबत लागते सायक्लिन नावाच्या प्रथिनाची, एकटी ती काही करत नाहीत. (सायक्लिनच्या घराण्यातलं पहिलं प्रथिन कुठं सापडलं माहितीये, समुद्रातल्या एका काटेरी गोळ्यासारख्या प्राण्याच्या अंड्यांत, टिम हंट नावाच्या शास्त्रज्ञाला, आणि २००१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. कुठली अंडी आणि कुठं दारव्हा.) या कॅन्सरच्या पेशीला एस्ट्रोजेन मिळालं की ती सायक्लिन वाढवते, बेल वाजते, ब्रेक सुटतो, पेशी दुप्पट होते. लेट्रोझोल डिझेल तोडते. पाळी गेल्यावर एस्ट्रोजेन अंडाशयातून येत नाही पण चरबीत, स्नायूत थोडं थोडं बनत राहतं, अरोमाटेज नावाच्या एन्झाइममुळे, लेट्रोझोल त्या एन्झाइमला अडवते. पण पेशी चालू असते, डिझेल कमी पडलं तर दुसऱ्या रस्त्यानं बेलपर्यंत हात पोचवायला बघते. म्हणून पाल्बोसिक्लिब, ती बेलची दोरीच बांधून ठेवते. एकटी लेट्रोझोल पुरे म्हणणाऱ्या मेडिकलवाल्याला हे एवढंच उत्तर.

इथं एक गोष्ट दुसऱ्या बायकांसाठी, जिची पाळी अजून चालू आहे तिला लेट्रोझोल एकटी चालत नाही, आधी अंडाशयांचं काम थांबवावं लागतं, दर २८ दिवसांनी इंजेक्शन घेऊन किंवा ऑपरेशन करून. अंडाशय काढले की छातीचा कॅन्सर आटतो हे १८९६ ला स्कॉटलंडमध्ये बीटसन नावाच्या सर्जननं लिहून ठेवलंय, तेव्हा हार्मोन हा शब्दही नव्हता. दर महिन्याला इंजेक्शनसाठी गावातून येणं ज्यांना जमत नाही त्यांनी ऑपरेशनबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

किती फरक पडतो? त्याच पालोमा-२ मध्ये नुसत्या लेट्रोझोलवर आजार पुन्हा हालचाल करेपर्यंत मधला काळ साडेचौदा महिने होता, जोडीवर २४.८ महिने. मधला म्हणजे काय, शाळेत पोरं उंचीप्रमाणे उभी केली आणि बरोबर मधल्याची उंची घेतली तसं, निम्म्या त्याच्या अलीकडे, निम्म्या पलीकडे. २५ व्या महिन्याला गाडी संपली असा अर्थ नाही, आणि हा आकडा आयुष्याचा पण नाही, या जोडीनं आजार दाबून ठेवल्याचा आहे. चौथ्या स्टेजचा आजार मुळासकट जात नाही, हे मी गोड करून सांगणार नाही, पण वर्षानुवर्षं दाबून ठेवता येतो, आणि ही जोडी कमी पडायला लागली तर पुढेही रस्ते आहेत, फुलवेस्ट्रंट नावाचं इंजेक्शन आहे, गाठीच्या जीन तपासून द्यायच्या गोळ्या आहेत.

नणंद चुकीची नाही हं, तिला झिडकारू नको. या गोळीच्या दोन बहिणी आहेत, रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब. रायबोसिक्लिबच्या अभ्यासात, मोनालीसा-२ मध्ये, बायकांचं आयुष्य सिद्ध होण्याइतकं वाढलेलं दिसलं, मधला आकडा ५१.४ महिन्यांवरून ६३.९ वर. पाल्बोसिक्लिबच्या अभ्यासात आजार दाबला गेला पण आयुष्याचा फरक, ५१.२ विरुद्ध ५३.९, इतका थोडा निघाला की तो सिद्ध झाला असं म्हणता येत नाही. म्हणून हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा, "आमच्यासाठी ही का, ती का नाही?" उत्तर असेल त्यांच्याकडे. रायबोसिक्लिबला ईसीजी बघत राहावं लागतं, हृदयाच्या ठोक्याची एक लांबी वाढू शकते, अबेमासिक्लिब सुट्टीशिवाय रोज दोनदा आणि तिच्यानं जुलाब बरेच होतात, आणि तिघींची किंमत सारखी नाही. फोनवरून पुण्यात बसून हे ठरत नाही, पण प्रश्न चांगला आहे. नणंदेला म्हणावं पुढच्या व्हिजिटला ये आणि तूच विचार.

लाखाची गोळी हे जुनं झालं. आपल्याकडे पाल्बोसिक्लिबचं पेटंट जानेवारी २०२३ ला संपलं, तेव्हापासून कितीतरी भारतीय कंपन्या ती बनवतात आणि किंमत धाडकन खाली आली. एकाच गोळीचे तीन दुकानांत तीन भाव असतात, हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये विचारा, अमृत फार्मसीत विचारा, मग घ्या. पण बिल आणि बॅच नंबर पाहिजेच. कुणी ओळखीचा निम्म्या भावात बिनबिलाची देतो म्हणाला तर हात जोडा, २०२४ मध्ये दिल्लीत कॅन्सरच्या नकली इंजेक्शनांची टोळी पकडली होती, रिकाम्या बाटल्या भरून विकत होते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेटा, स्कॅन, इंजेक्शन, गोळ्या यातलं नेमकं काय बसतं ते त्याच्याकडून लिहून घ्या, तोंडी नको. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. रेल्वेनं कधी गेलात तर कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ असतं आणि सोबतच्याला ७५ टक्के सूट, हॉस्पिटलचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. आता दारव्ह्यावरून ती बंद पडलेली शकुंतला रेल्वे चालू असती तर मुर्तिजापूरला तरी गेला असतात, पण ते रडगाणं आज नको.

सुट्टीच्या ७ दिवसांत दोन्ही गोळ्या बंद ठेवल्या, ही चूक दर दुसऱ्या घरात होते, आम्ही नर्स लोकही कधी घाईत नीट सांगत नाही. लेट्रोझोलला सुट्टी नाही. ३६५ दिवस. पोळा असो, दिवाळी असो, उपास असो. सुट्टी फक्त पाल्बोसिक्लिबला. आमच्या वॉर्डात एक आजी यायची, लिहिता-वाचता येत नव्हतं, तिनं घरी कॅलेंडरवर रोज लेट्रोझोल घेतली की हळदीचं बोट लावायचं आणि दुसरी घेतली की शेजारी कुंकवाचं. महिन्याच्या शेवटी ते पान फाडून घडी करून पदरात बांधून आणायची. डॉक्टर फाईल उघडायच्या आधी ते पान उघडायचे. हळद-कुंकू, हळद-कुंकू, हळद-कुंकू आणि मग सात दिवस नुसती हळद, एका नजरेत कळायचं. एका महिन्यात मधेच चार दिवस नुसती हळद होती, विचारलं तर म्हणे, "पैसे सरले होते जी." डोस बुडाल्याचं कारण कुठल्या रिपोर्टमध्ये सापडलं नसतं.

पाल्बोसिक्लिबची कॅप्सूल असेल तर जेवणासोबतच, आणि फोडून पावडर करून द्यायची नाही. गोळी असेल तर जेवणाची अट नाही, तुमच्याकडे काय आहे ते बघ. विसरली किंवा घेतल्यावर उलटी झाली तर त्या दिवशी दुसरी द्यायची नाही, उद्या नेहमीच्या वेळेला. लेट्रोझोलनं सांधे आखडतात, सकाळी बोटं मिटत नाहीत, अंगातून वाफा निघतात, त्यासाठी गोळी सोडू नका, सांगा, उपाय असतात. २०२१ ला ती गोळी कुणी बंद केली यावर घरात भांडण झालं असं लिहिलंस. ते आता मिटवा. चालू असती तर आजार आलाच नसता असं कुणी लिहून देऊ शकत नाही, आणि भासऱ्यांना ते रोज ऐकवलं तर ते गाडीभाडं द्यायला पुढे येणार नाहीत, साधा हिशेब आहे.

दाढ. काढू नका. म्हणजे आत्ता काढू नका. महिन्याचं हाडाचं इंजेक्शन, झोलेड्रोनिक अॅसिड असेल, ते हाड टणक करतं पण जबड्याचं हाड दात काढल्यावर भरून येत नाही असा त्रास काही जणांना होतो, हाड उघडं पडतं, महिनोन्‌महिने पू. खरं तर इंजेक्शन सुरू करायच्या आधीच दातांच्या डॉक्टरला दाखवायचं असतं. आता नागपूरच्या डॉक्टरांना सांगा की दाढ हलते, त्यांच्या चिठ्ठीनं दातांच्या डॉक्टरला दाखवा, आणि बाजारातल्या पक्कडवाल्याकडे तर अजिबातच नाही. तंबाखू थुंकायला लावा. सासूबाई ऐकणार नाहीत म्हणतेस, पण घरातल्या पोट्ट्यांचा खर्रा दिवसभर समोर घोटला जातो तर त्या तरी कशाला ऐकतील.

वावर. मणक्यात आजार आहे, म्हणून गाठोडं उचलणं, पाण्याची घागर, वाकून निंदण, हे डॉक्टर हाडांचा फोटो बघून हो म्हणेपर्यंत बंद. दोन झाडं वेचायला बांधावर गेल्या तर मी काही बोलणार नाही, माणूस घरात बसून जास्त आजारी पडतं. फवारणीच्या दिवशी मात्र वावराकडे फिरकू देऊ नका, २०१७ ची फवारणीतली विषबाधा यवतमाळवाल्यांना मी सांगायला नको. आणि एक गोष्ट पाठ करून ठेव, पायात अचानक बळ राहिलं नाही, मुंग्या येऊन पाय बधिर झाले, लघवी अडली किंवा कळेना झाली, तर ते कमरेचं दुखणं नाही, मणक्यातून जाणारी नस दबतेय, त्यात तास मोजले जातात. त्याच दिवशी, त्याच गाडीनं हॉस्पिटल.

आता जे तू घाबरत घाबरत विचारलंस, सांगायचं की नाही.

तू लिहिलंस की सगळ्यांनी ठरवलंय, माय खचेल. बरं. पण बघ ना, छातीचं ऑपरेशन झालेली बाई, नागपूरच्या त्याच इमारतीत त्याच लाल खुर्च्यांवर दर महिन्याला बसते, आजूबाजूला टक्कल झालेल्या बायका, दारावर बोर्ड, आणि तिला तुम्ही सांगता की ही कमरेची गोळी. मी वॉर्डात असताना अशा कितीतरी जणी पाहिल्या, पोरगा बाहेर पाणी आणायला गेला की हळूच विचारायच्या, "सिस्टर, मले का समजत नाई का? पोट्ट्याले वाईट वाटते म्हणून चूप रायतो." दोघं एकमेकांपासून लपवतात आणि दोघांना माहीत असतं.

आणि हे नुसतं मनाचं नाही, कामाचं आहे. ताप सगळ्यात आधी कुणाला कळणार? पाय बधिर झालेला कुणाला कळणार? कमरेची गोळी समजणारी बाई कंबर थांबली की गोळी बंद करेल, आणि कंबर या औषधानं खरंच थांबते, मग काय करशील? गजकर्णाची कॅप्सूल घेताना त्यांना माहीत असतं की आपली मोठी गोळी कशाची आहे तर कदाचित त्यांनीच म्हटलं असतं, थांब, नागपूरले विचार. त्यांचा आजार, त्यांच्या हातात द्या. सगळं एका दमात सांगू नका. स्टेजचा आकडा सांगायची गरज नाही, विचारला तर खोटं बोलायची पण गरज नाही. "जुना आजार हाडात परत आलाय, यावेळी केमोसारखं टक्कल पडणार नाही, रोज गोळ्या आहेत, आणि त्या तुम्हीच मोजायच्या" एवढं पुरे. कोण सांगेल? भासरे नाहीत, ते रडतील. तूच सांग, स्वयंपाक करता करता, दोघीच असताना, भाकर थापता थापता माणूस खूप काही ऐकून घेतं. त्या गप्प बसल्या तर बसू दे, दोन दिवसांनी स्वतः विचारतील.

पुढच्या सोमवारी सीबीसी आहे, विसरू नको, उपाशीपोटी न्यायची गरज नाही. रिपोर्टचा फोटो सरळ काढ, कागद घडी पडलेला असतो आणि नेमका न्यूट्रोफिलचा आकडा घडीत जातो, मागच्या वेळी मला तो झूम करून वाचावा लागला. आणि तो फोटो मला पाठवायच्या आधी नागपूरला पाठव.

– सिस्टर